अवटुअल्पता : रक्तचाचण्यांचा अन्वयार्थ व औषधमात्रा

अवटुअल्पता (हायपोथायरॉयडिझम) या विकारात गळ्यातील अवटुग्रंथी, म्हणजेच थायरॉईड ग्रंथी, शरीराच्या गरजेपेक्षा कमी संप्रेरक निर्माण करते. ही उणीव भरून काढण्यासाठी लेव्होथायरॉक्सिनची गोळी दिली जाते. तिची मात्रा मुख्यतः टीएसएच या रक्तचाचणीवरून, व आवश्यक तेथे मुक्त टी-४ च्या आधारे, ठरवली जाते.

टीएसएचचा उलटा अर्थ
टीएसएच हे अवटुग्रंथीचे संप्रेरक नव्हे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवते आणि अवटुग्रंथीला कामास लावते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच वाढते आणि जास्त झाले की घटते. बोलीभाषेत 'थायरॉईड वाढला' असे सर्रास म्हटले जाते. त्यातून, अहवालातील वाढलेला आकडा म्हणजे औषध जास्त झाले, असा समज होऊन गोळी स्वतःहून कमी किंवा बंद केली जाते. वास्तविक वाढलेले टीएसएच बहुधा मात्रा अपुरी असल्याचे दर्शवते.

प्रौढांसाठी टीएसएचची संदर्भमर्यादा साधारणपणे ०.४ ते ४.० मिलि-एकके प्रति लिटर असते. प्रयोगशाळेगणिक तीत थोडा फरक आढळतो. सत्तरीपुढील व्यक्तींत किंचित अधिक टीएसएच स्वाभाविक मानले जाते. टी-४ मध्ये अल्प बदल झाला तरी टीएसएच अनेक पटींनी बदलते. म्हणून १० चे २० झाले म्हणजे आजार दुप्पट बळावला, असे होत नाही.

चाचणी केव्हा करावी
लेव्होथायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचे असल्याने नव्या मात्रेची रक्तातील पातळी स्थिरावण्यास पाच आठवड्यांच्या आसपास लागतात आणि पीयूषिका ग्रंथी त्यामागून सावकाश प्रतिसाद देते. त्यामुळे मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी चाचणी करण्याचा प्रघात आहे. दोन आठवड्यांत केलेल्या चाचणीत मागील मात्रेचीच छाया उमटते आणि तिच्या आधारे पुन्हा मात्रा वाढवल्यास औषधाचा अतिरेक होऊ शकतो. गोळीची कंपनी बदलल्यासही याच अंतराने तपासणी करणे इष्ट असते. मात्रा स्थिर झाल्यावर ६ ते १२ महिन्यांनी एक चाचणी सहसा पुरते.

गोळी घेतल्यानंतर काही तास मुक्त टी-४ तात्पुरते वाढते. म्हणून ते मोजायचे असल्यास आधी रक्त द्यावे व मग गोळी घ्यावी. टीएसएच रात्री अधिक व दुपारी कमी असते. तुलनेसाठी प्रत्येक वेळी साधारण त्याच वेळी रक्त देणे सोयीचे ठरते.

विसंगत वाटणारे अहवाल
टीएसएच वाढलेले, पण मुक्त टी-४ सामान्य किंवा थोडे जास्त, असे दिसल्यास अनेक आठवडे गोळ्या चुकवून तपासणीपूर्वी काही दिवस त्या नियमित घेतल्या असण्याचा संभव असतो. अशा वेळी मात्रा वाढवण्यापूर्वी रुग्णाकडे मोकळेपणाने चौकशी होणे अगत्याचे आहे. दोन्ही आकडे कमी असल्यास दोष पीयूषिका ग्रंथीत असू शकतो. त्या विकारात टीएसएचवर विसंबता येत नाही आणि मात्रा मुक्त टी-४ वरून ठरवतात. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी व टी-४ खोटे जास्त दिसते. त्या निदान दोन दिवस आधी थांबवाव्या लागतात.

गोळी नियमित घेऊनही टीएसएच उतरत नसेल तर ती कशी घेतली जाते हे प्रथम पाहिले जाते. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. सकाळच्या चहा-कॉफीसोबत घेतल्यास शोषण घटते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर आवश्यक असते. एकाच डबीतून सगळ्या गोळ्या एकदम घेण्याची सवय येथे नडते.

मात्रा
ग्रंथी जवळजवळ निकामी झाली असल्यास प्रौढांना दररोज प्रतिकिलो वजनास सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात. वृद्ध व हृद्रोगी रुग्णांत १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून आरंभ करून सावकाश वाढ केली जाते. टीएसएच दीर्घकाळ मर्यादेखाली राहिल्यास हृदयाची अनियमित धडधड व हाडांची झीज यांचा धोका वाढतो. गर्भारपणात गरज साधारणतः २५ ते ३० टक्के वाढते, तीही पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांशी संपर्क साधावा आणि पूर्वार्धात दर चार आठवड्यांनी तपासणी करावी.

इतिहास
एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी त्याचे संश्लेषण प्रसिद्ध केले. टीएसएच मोजण्याची सोय होण्यापूर्वी मात्रा मुख्यतः लक्षणांवरून ठरत असे. ही चाचणी रूढ झाल्यावर अनेकांना गरजेपेक्षा अधिक औषध मिळत असल्याचे लक्षात आले आणि प्रचलित मात्रा कमी झाल्या.