विषुववृत्तीय आयनांबरातील बुडबुड्यांचा शोध

चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे चुंबकसूची जेथे वर-खाली न झुकता क्षितिजसमांतर राहते त्या रेषेवर, सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ प्लाझ्माचे प्रचंड बुडबुडे वर चढतात, हे समजायला जवळजवळ चार दशके लागली. पेरूतील वांकायो येथील वेधशाळेत आयनोसोंड हे यंत्र वाढत्या वारंवारतेचे रेडिओ-स्पंद आकाशात सोडी आणि परतणारे प्रतिध्वनी फिल्मवर टिपी. एरवी बारीक उमटणारी रेघ काही रात्री फिसकटून रुंद पट्टा होई. एफ या वरच्या थरातील इलेक्ट्रॉनांची घनता विषम झाल्याने लहरी विखुरतात, असा अर्थ बुकर आणि वेल्स यांनी १९३८ मध्ये लावला. या प्रकाराला पुढे ‘स्प्रेड-एफ’ हे नाव रूढ झाले.

कारणाचा धागा १९५६ मध्ये डंजी यांनी पकडला. अंधार पडताच खालच्या भागातील आयन व इलेक्ट्रॉन झपाट्याने एकमेकांत मिसळून नाहीसे होतात, वरचा दाट प्लाझ्मा मात्र टिकतो, आणि तेलावर पाणी ओतावे तशी ही मांडणी अस्थिर ठरते; हीच रॅले-टेलर अस्थिरता. परंतु लिमाजवळच्या हिकामार्का येथील रडारला, ज्याच्या सुमारे ३०० मीटर बाजूच्या चौरस अँटेनात १८,४३२ द्विध्रुव आहेत, थराच्या सर्वाधिक घनतेच्या पातळीच्या वरही अशीच विषमता आढळली, आणि तेथे तर उंचीबरोबर घनता घटत असल्याने ती उद्भवायलाच नको होती. उपलब्ध एकही सिद्धान्त पुरा पडत नाही, हे फार्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये स्पष्टपणे लिहिले. या क्षेत्राच्या इतिहासात त्या कबुलीचे मोल कोणत्याही यशस्वी सिद्धान्ताहून कमी नाही. पेरूचेच रोनाल्ड वुडमन आणि सेसार ला होस यांनी १९७६ मध्ये प्रतिध्वनींची तीव्रता उंची व वेळेनुसार नकाशावर मांडली, तेव्हा तळापासून वर झेपावणारे तुरे उमटले: विरळ प्लाझ्मा तळाशी जन्म घेऊन थर भेदत वर जातो, हे त्यातून उलगडले.

हे बुडबुडे चुंबकीय बलरेषांच्या दिशेने उत्तर-दक्षिण लांबलेले असल्याने, विषुववृत्तावर पुरेसे उंच चढले की त्यांची टोके कोल्हापूरच्या अक्षांशापर्यंत पोहोचतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या तेथील सर्वाकाश-कॅमेऱ्यात ६३०.० नॅनोमीटरच्या तांबड्या वायुप्रभेवर, म्हणजे ऑक्सिजन अणूंच्या रात्रीच्या मंद उजेडावर, ते पूर्वेकडे सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात, आणि लागोपाठच्या छायाचित्रांवरून त्यांचा वेग मोजता येतो. याच पट्ट्यांतून जाताना उपग्रहांचे दिशादर्शक संकेत थरथरतात व कधी तुटतातही.