एक चूल, अनेक बिऱ्हाडे

भारताची जनगणना ‘कुटुंब’ ओळखते ते स्वयंपाकघरावरून. जी माणसे एरवी एकत्र राहतात आणि एकाच चुलीवरचे जेवतात, ते एक कुटुंब. वसतिगृहात नात्यागोत्याची नसलेली माणसे एकत्र जेवत असतील, तर त्यांच्यासाठी ‘संस्थात्मक कुटुंब’ हा निराळा रकाना आहे. आपल्या बोलण्यातही ‘त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न फार वेगळ्या वाटेने कायद्यापुढे आला. चार-पाच विद्यार्थी मिळून एक घर भाड्याने घेतात, एकाच शेगडीवर आळीपाळीने रांधतात, एकच न्हाणीघर वापरतात. हे एक बिऱ्हाड म्हणायचे की पाच? प्रश्न शब्दांच्या काथ्याकुटाचा वाटतो. पण घरात आग रोखणारी दारे बसवायची की नाही, खोली किती मोठी हवी, घरमालकाला परवाना लागतो की नाही, हे सारे त्याच्या उत्तरावर ठरत आले आहे.

या कायद्याचा उगम विद्यार्थ्यांत नाही, कॉलऱ्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडन, ग्लासगो, मँचेस्टर या शहरांत कामाच्या शोधात माणसांचे लोंढे येत होते. रात्रीपुरता पथारीला जागा देणारी घरे जागोजाग निघाली होती. एका खोलीत अनोळखी माणसे खेटून झोपत आणि साथ आली की ती घरेच्या घरे रिकामी करी. लॉर्ड ॲश्ली, म्हणजे पुढचे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी, यांच्या प्रयत्नाने 1851 साली अशा सार्वजनिक निवासगृहांसाठी कायदा झाला. निवासगृहाची नोंदणी सक्तीची झाली, अधिकाऱ्यांना तपासणीचा हक्क मिळाला आणि तापाचा किंवा साथीचा रोगी आढळल्यास कळवणे चालकावर बंधनकारक झाले. 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तर घराच्या देखभालीचे वेळापत्रकच आहे : दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात भिंतींना व छताला चुना मारायचा. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर घराला सफेदी होते ती रिवाजाने. तिथे ती कलमाने होऊ लागली.

मात्र या तपासणीचा रोख घरमालकाइतकाच राहणाऱ्यावरही होता. लंडनमध्ये हे काम 1894 पर्यंत पोलिसांकडे होते, यातच सारे आले. ग्लासगोत त्याचे आणखी कठोर रूप दिसते. तेथील 1862 च्या कायद्याने लहान घरांचे घनफळ मोजले जाऊ लागले. प्रौढ माणसामागे 300 घनफूट हवा असा हिशेब होता. घराचे घनफळ आणि आत किती माणसे राहू शकतात हा आकडा कोरलेला धातूचा बिल्ला दारावर ठोकला जाई. लोक या घरांना ‘तिकीटवाली घरे’ म्हणत. आकडा पाळला जातो की नाही हे पाहायला आरोग्य खात्याचे लोक मध्यरात्री दार वाजवत. जास्तीची माणसे सापडली की राहणाऱ्या गरिबांनाच दंड भरण्याची पाळी येई. घर अपुरे का आहे, भाडे एवढे का आहे, हे त्या बिल्ल्यावर कोरलेले नसे.

या साऱ्यातून विद्यार्थी मात्र बाहेर राहिले. विद्यार्थी म्हणजे भल्या घरचा मुलगा आणि तो उतरणार एखाद्या घरमालकिणीकडे, पैसे देऊन राहणारा पाहुणा म्हणून. अशा खासगी बिऱ्हाडांकडे सार्वजनिक निवासगृहांची तपासणी सहसा फिरकत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात राहिले ते अशाच व्यवस्थेत. तिथल्या घरमालकिणीने दिलेल्या तुटपुंज्या जेवणाच्या हकिगती त्यांच्या चरित्रवाचकांना ठाऊक आहेत. विद्यार्थ्याचे पोट भरते का, खोलीत ऊब आहे का, हा त्या काळी घरमालकिणीच्या मर्जीचा प्रश्न होता, कायद्याचा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. मोठी जुनी घरे तुकड्यातुकड्यांनी भाड्याने जाऊ लागली. 1961 च्या गृहनिर्माण कायद्याने अशा घरांची देखभाल मालकाकडून करून घेण्याचे अधिकार स्थानिक कौन्सिलांना दिले. 1969 मध्ये व्याख्या बदलली. ‘एकाहून अधिक कुटुंबे राहत असलेले घर’ याऐवजी ‘मिळून एक बिऱ्हाड होत नाही अशा माणसांचे घर’ असे शब्द आले. पण बिऱ्हाड म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलेच नाही. ते काम न्यायाधीशांवर येऊन पडले.

पहिली मोठी परीक्षा विद्यार्थ्यांची नव्हती. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या स्त्रियांसाठी एरिन पिझी यांनी लंडनच्या चिसिक भागात आश्रयगृह चालवले होते. कौन्सिलने तिथे 36 माणसांची मर्यादा घातली होती, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक बायका-मुले राहत होती. आम्ही सारे मिळून एकच बिऱ्हाड आहोत, त्यामुळे ही मर्यादा आम्हाला लागू नाही, असा पिझींचा बचाव होता. 1977 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. एवढी माणसे, सतत बदलणारी, कोण किती दिवस राहणार याचा नेम नाही. याला एक बिऱ्हाड म्हणता येत नाही, असा निर्णय झाला.

1995 मध्ये शेफील्डच्या विद्यार्थ्यांच्या घराचा खटला अपील न्यायालयात आला तेव्हा पारडे दुसरीकडे झुकले. न्यायमूर्ती सर थॉमस बिंगहॅम यांनी पाहण्याच्या गोष्टींची एक यादीच दिली. विद्यार्थी घर घ्यायला एकत्र आले की एकेकटे? कोणती खोली कोणाची हे त्यांनी ठरवले की मालकाने? खोल्यांच्या दारांना कुलपे आहेत का? एक जण निघून गेला तर नवा कोण आणतो? ओळखीने एकत्र आलेली आणि एकत्र घर चालवणारी ही मुले न्यायालयाला एकच बिऱ्हाड वाटली. निकाल मैत्रीचा मान राखणारा होता. पण बिऱ्हाड एक ठरताच ते घर ‘अनेकांच्या वस्तीचे घर’ राहिले नाही आणि त्या वर्गातील घरांसाठी असलेल्या सुरक्षेच्या अटी मालकावर लादण्याचा कौन्सिलचा आधार गेला. मुलांच्या सलोख्याचा फायदा मालकाला झाला.

मार्च 1999 मध्ये ग्लासगोतच, तळघरातल्या एका भाड्याच्या फ्लॅटला आग लागली. खिडक्यांना चोरांच्या भीतीने गज बसवलेले होते. आत दोन विद्यार्थी मरण पावले. आगीला बिऱ्हाडाची व्याख्या विचारावी लागत नाही. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडमध्ये अशा घरांसाठी परवाना सक्तीचा झाला आणि टप्प्याटप्प्याने तीन माणसांच्या घरापर्यंत आणला गेला. एकेकाळी राहणाऱ्यांच्या दारावर बिल्ले ठोकणाऱ्या शहरात आता मालकाला परवाना दाखवावा लागू लागला.

इंग्लंड-वेल्ससाठी 2004 च्या गृहनिर्माण कायद्याने जुना घोळ निस्तरला. बिऱ्हाड म्हणजे विवाहाने, सहजीवनाने किंवा नात्याने जोडलेली माणसे असे लिहून ठेवले गेले. मित्रमैत्रिणी कितीही जिवाभावाच्या असोत, कायद्याच्या लेखी त्यांची बिऱ्हाडे वेगळी. पूर्णवेळ विद्यार्थ्याचे शिक्षणापुरते घर हेच त्याचे मुख्य घर मानावे, हेही स्पष्ट झाले. इंग्लंडमध्ये 2006 पासून तीन किंवा अधिक मजल्यांच्या आणि पाच किंवा अधिक माणसांच्या अशा घरांना परवाना लागू झाला. 1 ऑक्टोबर 2018 पासून मजल्यांची अट गेली आणि एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर जागा हवी असे ठरले. ग्लासगोच्या घनफुटांचेच हे नवे रूप, पण आता आकडा चुकला तर जबाब मालकाने द्यायचा.

मालकाने करायच्या गोष्टींची यादी पाहिली तर ती रोजच्या घरकामासारखी साधी आहे. व्यवस्थापकाचे नाव, पत्ता, फोन क्रमांक सगळ्यांना दिसेल असा लावायचा. जिना आणि बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. गॅसची उपकरणे दरवर्षी आणि विजेची जोडणी निदान पाच वर्षांतून एकदा तपासून घ्यायची. पाणी, सांडपाणी, कचऱ्याचे डबे यांची सोय राखायची. विनापरवाना घर भाड्याने दिले तर दंड होतोच, शिवाय भाडेकरू लवादाकडे जाऊन दिलेले भाडे परत मागू शकतात.

या व्यवस्थेलाही दुसरी बाजू आहे. दुरुस्तीचा आणि परवान्याचा खर्च सरतेशेवटी भाड्यात उतरू शकतो. शिवाय नियमांची आणखी एक शाखा नगररचनेची. लीड्सच्या हेडिंग्लीसारख्या भागात घरामागून घर विद्यार्थ्यांकडे गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. 2010 पासून इंग्लंडमध्ये अशा लहान सामायिक घरांचा ‘वापर’ हा वेगळा वर्ग धरला जातो आणि कौन्सिलने ठरवले तर कुटुंबाच्या घराचे विद्यार्थ्यांचे घर करायलाही आधी परवानगी लागते. राहणाऱ्याचा जीव वाचवणारा नियम आणि त्याला गल्लीबाहेर ठेवणारा नियम एकाच कार्यालयाच्या दोन खिडक्यांवर मिळतात.

घराचा वापर बदलण्याच्या नियमाची झळ खुद्द महाराष्ट्र शासनालाही लागली. किंग हेन्रीज रोडवरचे ते घर शासनाने 2015 मध्ये विकत घेऊन तिथे स्मारक केले. राहत्या घराचे संग्रहालय केले आणि त्यामुळे वस्तीतली राहण्याची जागा कमी झाली, म्हणून कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. चौकशी होऊन मार्च 2020 मध्ये ती मिळाली. ज्या घरात एका विद्यार्थ्याच्या खोलीची काळजी करायला कायदा नव्हता, त्या घराच्या मालकाला शंभर वर्षांनी कायद्यापुढे उभे राहावे लागले.

आज मराठी मुले-मुली लेस्टर, लीड्स, शेफील्डला शिकायला जातात आणि अशाच सामायिक घरांत उतरतात. भाताचा कुकर एक, शेगडी एक, भांडणेही घरच्यासारखीच. महिन्याभरात ते एक बिऱ्हाड होऊन जाते. कायदा मात्र त्यांना पाच बिऱ्हाडे म्हणतो. शेफील्डच्या निकालाने आणि ग्लासगोच्या त्या तळघराने शिकवले ते इतकेच, की या परक्या हिशेबातच त्यांची सुरक्षितता आहे. मोठे घर घेताना भाडे विचारतात तसा त्यांनी कौन्सिलचा परवानाही विचारावा.