इमारतींची समाईक भाषा

वर्गात शिकवणे रंगात आले आहे आणि तेवढ्यात दार लोटून शिपाई आत येतो. हातात सूचनेची वही नाही. तो फक्त भिंतीवरचा तापमापक पाहतो आणि निघून जातो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात १८८० च्या सुमारास असे रोज घडत असे. वर्ग गार आहे की गरम, हे पाहून शिपाई तळघरात जाई आणि उष्ण हवेच्या झडपा कमीजास्त करी. तेथील प्राध्यापक वॉरन जॉन्सन या व्यत्ययाला कंटाळले. वर्गातील तापमानाची खबर विजेच्या साह्याने तळघरापर्यंत पोहोचवणारे उपकरण त्यांनी तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. इमारतींच्या स्वयंचलित नियंत्रणाच्या इतिहासात सुरुवातीलाच एक शिक्षक भेटतो, ही गोष्ट आपल्याला नक्कीच सुखावणारी आहे.

पुढच्या शंभर वर्षांत नियंत्रणाची साधने बदलत गेली आणि १९८० च्या दशकात त्या जागी छोटे संगणक आले. वातानुकूलन, दिवे, पंप, आगीची सूचना देणारी यंत्रणा अशा प्रत्येकासाठी स्वतंत्र नियंत्रक. हे नियंत्रक तारांनी जोडले की ते एकमेकांना संदेश पाठवू शकत. पण एक मोठी अडचण होती. प्रत्येक कंपनीच्या संदेशांची भाषा वेगळी, आणि ती गुप्त! समजा, एखाद्या महाविद्यालयाने एका कंपनीचे नियंत्रक बसवले. दहा वर्षांनी नवी इमारत बांधली, तर तिथेही त्याच कंपनीचे नियंत्रक घेणे भाग पडे, मग ती किंमत काहीही सांगो. इमारत महाविद्यालयाची, पण तिची भाषा मात्र विक्रेत्याच्या मालकीची. गिऱ्हाईक एकदा अडकले की अडकलेच.

यावर उपाय शोधण्यासाठी उष्णता व वातानुकूलन क्षेत्रातील अमेरिकी अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या संस्थेने १९८७ मध्ये एक समिती नेमली. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल न्यूमन हे तिचे अध्यक्ष होते. समितीत परस्परांचे स्पर्धक असलेले उत्पादक होते, तसेच ग्राहक आणि संशोधकही होते. मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती मागवायच्या, दुरुस्त्या करायच्या, असे करता करता आठ वर्षे गेली. १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ हे मानक प्रसिद्ध झाले. २००३ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानकही बनले.

हजेरी घेणारे यंत्र

बॅकनेटमधील कल्पना आपल्या वर्गाला समजावी इतकी सोपी आहे. जाळ्यातील एक उपकरण सर्वांना उद्देशून विचारते, “कोण कोण आहे?” प्रत्येक उपकरण आपला क्रमांक सांगून उत्तर देते, “मी आहे.” ही झाली हजेरी. त्यानंतर एकेकाला नेमका प्रश्न विचारता येतो : तुझ्याकडील तापमान किती? प्रत्येक उपकरणाच्या आत ठरावीक प्रकारच्या ‘वस्तू’ कल्पिलेल्या असतात. पहिल्या मानकात असे १८ प्रकार होते. प्रत्येक वस्तूला नाव, सध्याचे मूल्य, एकक असे गुणधर्म असतात. उपकरण कोणत्याही कंपनीचे असो, ‘सध्याचे मूल्य’ मागण्याची रीत एकच.

भाषेचे व्याकरण छापून झाले म्हणजे सर्वांना बोलता येते का? इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना याचे उत्तर ठाऊक आहे. एकाच नियमाचा दोन कंपन्यांचे अभियंते वेगवेगळा अर्थ लावत आणि उपकरणांचे संभाषण तुटे. शिवाय मानकाची प्रत विकत घ्यावी लागे, आणि तिच्यावरून सारी आज्ञावली नव्याने लिहिणे लहान उत्पादकाला परवडत नसे. कागदावर खुली असलेली भाषा व्यवहारात पुन्हा मोठ्यांचीच राहण्याचा धोका होता.

खुली आज्ञावली

येथे मुक्त आज्ञावली कामाला आली. मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा अशी आज्ञावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत संदेश तपासण्यासाठी तयार झालेले एक साधन सर्वांसाठी खुले झाले. पुढे अगदी लहान नियंत्रकातही मावेल असा बॅकनेटचा संच सी भाषेत लिहिला गेला. कॉर्नेलमधून पायथन भाषेतील संच आला. जाळ्यातील संदेश उलगडून दाखवणाऱ्या ‘वायरशार्क’ या मुक्त साधनालाही बॅकनेट समजू लागले. वाद झाला की दोन्ही पक्ष एकच संदेश उलगडून पाहू शकत आणि चूक कोणाची, हे समोरच दिसे.

पण स्पर्धक कंपन्या आपले श्रम एकमेकींना का देतील? सी भाषेतील संचाच्या परवान्यात याचे उत्तर आहे. संचात केलेली सुधारणा, तो संच वापरून माल विकताना, सर्वांना खुली करायची. मात्र संचाला जोडलेली स्वतःची खास आज्ञावली खुली करण्याची सक्ती नाही. भाषा समाईक, बोलणे ज्याचे त्याचे. गावाची विहीर आणि घरातला रांजण यांचे नाते असेच असते.

या कथेला उणी बाजूही आहे. “कोण आहे?” म्हणून विचारणारा आपलाच आहे की चोर, हे तपासण्याची सोय नेहमीच्या वापरात नव्हती. अशी उपकरणे इंटरनेटला उघडी जोडली गेल्यावर धोका स्पष्ट झाला. प्रमाणपत्रे आणि सांकेतिक संदेश वापरणारी सुरक्षित रीत मानकात २०१९ मध्ये आली. जुन्या इमारतींत मात्र जुनी उपकरणे वर्षानुवर्षे चालू राहतात, त्यामुळे ही दुरुस्ती हळूहळूच पसरते. विहीर समाईक असली, तरी तिचा गाळ काढायला माणसे लागतातच.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक गंमत. बॅकनेटचे संदेश इंटरनेटच्या पद्धतीने जातात तेव्हा ते ४७८०८ क्रमांकाच्या दारातून जातात. हाच आकडा का? षोडशमान पद्धतीत ए म्हणजे १०, बी म्हणजे ११ आणि सी म्हणजे १२. आता ‘बीएसी०’ ही संख्या दशमान पद्धतीत मांडू : ११ × ४०९६ + १० × २५६ + १२ × १६ + ० = ४७८०८. भाषेचे नाव दारावरच लिहिलेले आहे!

शाळेत दोन संगणक असतील, तर त्यांवर ही मुक्त आज्ञावली घालून एकाने हजेरी घ्यावी आणि दुसऱ्याने उत्तर द्यावे, असा प्रयोग करता येतो. त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.