75 सेंट, दोन वह्या आणि एक क्वेरी

थ्रेट हंटिंगच्या तयार क्वेरी आज ढिगाने मिळतात. कॉपी केली, चालवली, उत्तर आलं. पण ज्या टेबलला आपण प्रश्न विचारतोय त्यात ओळी कोण भरतं, हे फार कमी जण विचारतात. मला तरी या क्षेत्राचा इतिहास याच प्रश्नाचा इतिहास वाटतो.

1980 मध्ये जेम्स अँडरसन यांनी एक अहवाल लिहिला. मोठ्या कॉम्प्युटरवर कोणी किती काम केलं याच्या नोंदी तेव्हाही होत, पण त्यांचा मुख्य उपयोग हिशेबासाठी. अँडरसन यांचं म्हणणं असं, की याच नोंदी चाळून गैरवापर ओळखता येईल. एखाद्या युजरचं वागणं नेहमीपेक्षा वेगळं दिसलं, की शंका घ्यायची. मात्र त्याच अहवालात त्यांनी एका अडचणीच्या माणसाचीही दखल घेतली: जो सिस्टीमचा ताबा घेऊन स्वतःची नोंदच होऊ देत नाही. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1987 मध्ये डोरोथी डेनिंग यांच्या पेपरने या कल्पनेला साचा दिला. प्रत्येक नोंदीचे सहा भाग: कोणी, काय केलं, कशावर केलं, काही एरर आली का, किती रिसोर्स वापरले आणि केव्हा. म्हणजे सहा कॉलमचं टेबलच की! (हा पेपर मुळातून वाचाच. सोपा आहे.)

तिकडे लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये आदल्याच वर्षी एक प्रकरण सुरू झालं होतं. क्लिफ स्टोल मूळचे खगोलशास्त्रज्ञ, नुकतेच कॉम्प्युटर विभागात आलेले. काम काय, तर हिशेबात 75 सेंटची तफावत का येते ते शोधणं. लॅबमध्ये वापराचा हिशेब दोन वेगवेगळे प्रोग्रॅम ठेवत होते आणि दोघांचा ताळा जमत नव्हता. खोदत गेल्यावर एक असं खातं निघालं, ज्याला बिल पाठवायचा पत्ताच नव्हता. शेवटी धागा पोचला जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत. मार्कुस हेस नावाचा तरुण अमेरिकी कॉम्प्युटरमध्ये शिरून माहिती काढत होता आणि ती केजीबीला विकली जात होती.

सगळे 75 सेंटचीच गोष्ट सांगतात. माझ्या मते स्टोल यांची खरी हुशारी प्रिंटरमध्ये आहे. घुसखोर सिस्टीमवर कोण लॉग-इन आहे, कोणते प्रोग्रॅम चालू आहेत हे सतत बघायचा. आतून पाळत ठेवली असती तर त्याला लगेच कळलं असतं. म्हणून स्टोल यांनी सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर गोळा करून बाहेरून येणाऱ्या लाइन्सना जोडले. त्याचं टायपिंग कागदावर उमटत राहिलं आणि कागद काही त्याला पुसता येत नव्हता.

2005 मध्ये हाच डाव वेगळ्या रूपात दिसतो. मार्क रुसिनोविच यांचं रूटकिट-रिव्हीलर हे टूल फाइलींची यादी दोनदा काढायचं. एकदा विंडोजला विचारून, एकदा डिस्कची रचना थेट वाचून. विंडोजच्या यादीत नाही पण डिस्कवर आहे, अशी फाइल म्हणजे कोणीतरी लपवलेली. यातूनच सोनी बीएमजीच्या म्युझिक सीडीमधलं कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर उघडं पडलं. स्वतःच्या फाइली ते विंडोजपासूनच दडवत होतं.

आता ऑसक्वेरी. फेसबुकने 2014 मध्ये हे टूल ओपन सोर्स केलं. कल्पना झकास आहे: अख्खा कॉम्प्युटर म्हणजे एक डेटाबेस. आत एसक्यूलाइट आहे, पण बहुतेक टेबलं आधी भरून ठेवलेली नसतात. तुम्ही विचारता त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टीमकडून माहिती घेऊन ओळी तयार होतात. प्रसिद्ध क्वेरी बघा:

सिलेक्ट नेम, पाथ, पीआयडी फ्रॉम प्रोसेसेस व्हेअर ऑन_डिस्क = 0;

म्हणजे, प्रोग्रॅम चालू आहे पण त्याची फाइल डिस्कवर नाही. काही मालवेअर सुरू झाल्यावर स्वतःची फाइल पुसतं, म्हणून ही खूण. अर्थात लिनक्सवर साधं अपडेट झालं, जुनी फाइल गेली आणि प्रोग्रॅम रीस्टार्ट केलेला नसला, तरी तो इथे दिसू शकतो. दहा ओळी आल्या म्हणून दहा चोर सापडले असं नाही. उलट दोन क्वेरींच्या मध्ये सुरू होऊन संपलेला प्रोग्रॅम या टेबलात येतच नाही, त्यासाठी घटना नोंदवणारी वेगळी टेबलं लागतात.

आणि शून्य ओळी आल्या तर? इथे अँडरसन यांचा तो माणूस परत येतो. उत्तर ऑपरेटिंग सिस्टीम देतेय आणि त्याने कर्नलच ताब्यात घेतलं असेल, तर कुंपणच शेत खातंय. अशा वेळी क्वेरी आणखी लांबलचक करून काही हाती लागत नाही, दुसरी वही लागते. उदाहरणार्थ, ऑसक्वेरीच्या लिसनिंग_पोर्ट्स टेबलमधून उघड्या पोर्टची यादी घ्यायची, त्याच मशिनचं दुसऱ्या मशिनवरून स्कॅन करायचं आणि दोन याद्या शेजारी ठेवायच्या. बाहेरून उघडं दिसणारं पोर्ट आतल्या यादीत नसेल, तर हंटिंग तिथून सुरू करायचं.