काळा घोडा : स्वार वगळून उरलेले नाव

मुंबईच्या फोर्ट भागातील ज्या परिसराला आपण काळा घोडा म्हणतो, त्याला हे नाव कोणी बहाल केलेले नाही. इंग्लंडचा युवराज एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) १८७५ साली मुंबईस आला. त्या भेटीचे स्मारक म्हणून अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी युवराजाचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराने घडवलेला हा कांस्यपुतळा १८७९मध्ये उभा राहिला. देणगीदाराच्या आणि शिल्पकाराच्या दृष्टीने त्याचा विषय होता युवराज. घोडा हे केवळ त्याचे आसन. शहराने मात्र आसन उचलले आणि युवराज तिथेच सोडून दिला.

या नामकरणात परकीय सत्तेविषयीचा उपहास शोधण्याचा मोह होतो आणि साहित्याच्या वर्गात तसे विवेचन सहज खपूनही जाईल. आम्हाला ते मान्य नाही. भायखळ्याला कर्सेटजी माणकजी यांचा उभा पुतळा आहे. लोकांनी त्याला ‘खडा पारशी’ म्हटले. तिथे कोणती सत्ता नाकारायची होती? तिथूनच जवळ असलेल्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला मुंबईकर आजही राणीची बाग म्हणतात, आणि ही राणी म्हणजे युवराजाची आई व्हिक्टोरिया. एकाच शहराने आईची पदवी जिभेवर ठेवली आणि मुलाला घोड्यावरून उतरवले. तेव्हा लोकांच्या नामकरणाला राजकारणापेक्षा नजरेचे व्याकरण अधिक लागू पडते असे म्हणावे लागते. डोळ्यांना जे आधी भिडते ते नाव होते. कोरीव लेख वाचणाऱ्यांसाठी असतो. पत्ता मात्र टांगेवाल्याला सांगायचा असतो.

परिसराची बाकीची नावे बहुतेक कोरीवच आहेत. १८६०च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यावर ही जागा मोकळी झाली. ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्याने त्या तटाची आठवण आपल्या नावात जपली होती, आता तो के. दुभाष मार्ग आहे. डेव्हिड ससून ग्रंथालयाची पिवळ्या मालाड दगडातील इमारत १८७०ची. टाकसाळ आणि गोदीतील कारागिरांनी १८४७ साली स्थापन केलेली संस्था हे तिचे मूळ. ज्यांचे नाव तिला मिळाले ते डेव्हिड ससून १८३०च्या दशकात बगदाद सोडून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या घराण्याच्या संपत्तीत कापसाइतकाच अफूचा वाटा होता, हे त्या ग्रंथालयाच्या सज्जातील आरामखुर्चीवर बसून वाचताना विसरू नये. याच घराण्यातील जेकब ससून यांनी १८८४ साली जवळच केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बांधले. अनेक वर्षे ते आपल्या निळ्या रंगाने ओळखले जाई. वॉटसन्स हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. जहांगीर कलादालन १९५२चे. समोरच्या वस्तुसंग्रहालयाचे जुने नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पण ते नाव घोड्यावरच्या युवराजाचे नव्हे. १९०५ साली कोनशिला बसवणाऱ्या त्याच्या मुलाचे, पुढच्या पाचव्या जॉर्जचे, ते नाव होते. बाप रस्त्यावर आणि मुलगा संग्रहालयाच्या कमानीवर, अशी ही मांडणी काही दशके टिकली.

१९६५ साली घोडा स्वारासह इथून हलवण्यात आला. वस्तू गेली की संज्ञाही हळूहळू जाते, असा सामान्य अनुभव. इथे उलट घडले. पुतळ्याच्या रिकाम्या जागेभोवती मोटारी उभ्या राहू लागल्या आणि त्या गर्दीलाही लोक काळा घोडाच म्हणत राहिले. ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहाच्या खिडकीशी बसून अरुण कोलटकरांनी वर्षानुवर्षे पाहिली ती ही जागा. ‘काळा घोडा पोएम्स’ हा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४मध्ये, त्यांच्या अखेरच्या वर्षी, आला. शीर्षकातले स्थळनाम भाषांतरित झालेले नाही, हे ध्यानात घ्यावे. कवितेत अश्वारूढ पुतळ्याच्या जागी पहाटे वाहतुकीच्या बेटावर पडलेला एक भटका कुत्रा येतो. त्याच्या अंगावरचे ठिपके मुंबईच्या जुन्या नकाशातील सात बेटांसारखे आहेत. इडली वाटणारी बाई येते आणि तिच्याभोवती पदपथावर राहणाऱ्यांची पंगत जमते. ससूनही येतात, पण इमारतीवर अडकलेले दगडी मस्तक म्हणून. देणगीदार वरून पाहतो आणि नावाचे खरे वारस खाली न्याहारी करतात, ही कोलटकरांची मांडणी आम्हाला या परिसराच्या कोणत्याही इतिहासग्रंथाइतकी मोलाची वाटते.

२०१७ साली इथे पुन्हा घोडा बसवण्यात आला. अल्फाझ मिलर यांची संकल्पना आणि श्रीहरी भोसले यांचे शिल्प असलेला हा घोडा रिकाम्या पाठीचा आहे. पूर्वी पुतळ्याने नाव दिले होते; आता नावाने पुतळा दिला. कल्पना चतुर आहे आणि लोकांच्या नजरेला उशिरा का होईना मिळालेली ती मान्यताही आहे. तरीही तो फार स्वच्छ घोडा आहे असे आम्हाला वाटते. स्वार काढून टाकल्यावर मोकळी झालेली जागा कोलटकरांनी माणसांनी भरली होती. शिल्पात ती मोकळीच राहिली आहे, आणि १९९९पासून इथे भरणाऱ्या कलामहोत्सवाच्या गर्दीला छायाचित्रासाठी ती सोयीची पडते.

मूळ घोडा राणीच्या बागेत आहे, स्वारासकट. त्याच बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर, एक दगडी हत्तीही आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले ते त्याच्यावरूनच. १८६४च्या सुमारास विलायतेला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. आपली नावे दुसरीकडे ठेवून आलेली ही दोन जनावरे आता एकाच बागेत आहेत.