रस्त्याचे अंगण झाले



अंगण म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. घरापुढची ती सारवलेली जागा. तिथे धान्य वाळत पडते, म्हातारी माणसे ऊन खात बसतात आणि पोरे लगोरी मांडतात. अंगण पुरेनासे झाले की पोरे आळीत उतरतात, कारण आळी म्हणजे सगळ्यांचे मिळून एक मोठे अंगणच. युरोपातल्या एका देशाने मोटारींच्या रस्त्याला असेच 'अंगण' म्हटले आणि तसा कायदाही केला. तो देश नेदरलँड्स, म्हणजेच आपण ज्याला हॉलंड म्हणतो तो. ही हकीकत मुळापासून ऐकण्यासारखी आहे.

त्या मुलखातही रस्ता पूर्वी मुलांचाच होता. ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने १५६० साली तिकडच्या एका गावाचे चित्र काढले. त्यात भररस्त्यात दोनशेंहून अधिक मुले खेळताना दिसतात. कोणी काठीने कडे पळवतो आहे, कोणी बेडूकउड्या मारतो आहे, कुठे आंधळी कोशिंबीर रंगली आहे. त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षे हे असेच चालले. घोडागाड्या येत, मुले बाजूला होत आणि गाडी गेली की खेळ पुढे सुरू होई.

दुसरे महायुद्ध संपले, देश सावरला, लोकांच्या हाती पैसा आला आणि दारोदारी मोटार आली. मोटारीला वाट हवी, उभी करायला जागा हवी. चौक गाड्यांनी भरून गेले, रस्ते रुंद झाले, मुले भिंतीकडेला सरकली. कोणी मुद्दाम त्यांना हाकलले नाही. पण कोणी त्यांना विचारलेही नाही.

याची किंमत काय पडली? १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यांवरच्या अपघातांत चारशेंहून अधिक मुले दगावली. शिक्षकबंधुभगिनींनो, क्षणभर आपल्या शाळेचा पट डोळ्यांपुढे आणा. चारशे म्हणजे चांगल्या मोठ्या शाळेचे सगळे वर्ग, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.

त्या मुलांत एक सहा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील व्हिक लांगेनहोफ हे 'डे टाइड' या वृत्तपत्राचे पत्रकार. त्यांनी १९७२ साली लेख लिहून पालकांना एकत्र येण्याची हाक दिली. लेखाचे मथळ्याचे शब्दच चळवळीचे नाव झाले : 'थांबवा ही बालहत्या'. शब्द कठोर खरे. पण तोवर लोक 'अपघात' म्हणत आणि हळहळून गप्प बसत. नाव बदलले तसा प्रश्नही बदलला. 'मूल रस्त्यावर गेलेच का?' हा झाला जुना प्रश्न. 'रस्ता असा केलाच कोणी?' हा नवा.

मग आया, बाप, शिक्षक, तरुण मंडळी बाहेर पडली. जिथे अपघात होत तिथे ती ठाण मांडून बसली. सायकलींचे मोर्चे निघाले. रस्ते दिवसभर बंद करून मुलांना खेळायला मोकळे केले. कुठे तर रस्त्यातच टेबले मांडून शेजाऱ्यांनी पंगत केली! चळवळीची माणसे पंतप्रधान डेन उइल यांच्या दाराशी गाणी म्हणत गेली, तेव्हा तेही बाहेर येऊन त्यांचे म्हणणे ऐकते झाले.

मुलेही मागे नव्हती, बरे का. ॲमस्टरडॅम शहरात 'द पाइप' नावाची दाटीची जुनी वस्ती आहे. तिथल्या मुलांनी १९७२ साली सह्या गोळा केल्या आणि अडथळे लावून रस्ता अडवला. मोटारवाले चिडले, बाचाबाची झाली. हे सारे दूरचित्रवाणीच्या एका चित्रपटात टिपले गेले आणि घरोघरी दिसले.

अशात १९७३ साली जगभर तेलाची टंचाई पडली. सरकारने त्या नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. मोठमोठ्या हमरस्त्यांवरून माणसे पायी आणि सायकलीने हिंडली. मोटारीवाचून रस्ता कसा दिसतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

पण रस्ता नुसता बंद करून भागत नाही, तो नव्याने बांधावा लागतो. त्याची रीत डेल्फ्ट या गावात आधीच घडत होती. तिथल्या अभियंत्यांनी आणि रहिवाशांनी मिळून काही गल्ल्यांतला पदपथ आणि रस्ता एका पातळीवर आणला. सरळ वाट वाकडी केली. मध्ये झाडे लावली, बाके ठेवली, तोंडाशी वाट अरुंद केली. या रचनेला नाव पडले 'वोनएर्फ'. 'वोन' म्हणजे राहणे, 'एर्फ' म्हणजे घराभोवतीची जागा, आपले अंगण.

१९७६ साली याचा कायदा झाला. वोनएर्फमध्ये माणसाने रस्त्याच्या कुठूनही चालावे, मुलांनी रस्त्यातच खेळावे आणि मोटारीने माणसाच्या चालीने जावे. गाडीला बंदी नाही, मात्र तिथे ती पाहुणी. यातली खुबी अशी की, पाटी लावली म्हणून गाडीवान वेग कमी करील याचा भरवसा नसतो. पण पुढे वळण, मध्ये झाड आणि नजर पोहोचेल तिथे पोर दिसले, की पाय आपोआप दाबावर जातो. पाटीचे काम वाटच करते.

यात अडचणी होत्याच. अशी रचना महाग पडते, म्हणून सगळीकडे ती करता आली नाही. पुढे १९८० नंतरच्या दशकात, वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालण्याची स्वस्त रीत आली. सायकलींसाठी वेगळ्या वाटा झाल्या, मोटारीही सुधारल्या. या सर्वांचा मिळून परिणाम दिसला. १९७२ साली त्या देशात बत्तीसशेंहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा सहा-सातशेंच्या घरात असतो, आणि मोटारी तर तेव्हापेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

आज आपल्या गावांतूनही रुंद सडका जात आहेत. सडक हवीच, तिच्यावाचून माल बाजारात जात नाही की आजारी माणूस दवाखान्यात पोहोचत नाही. पण ती शाळेच्या दारावरून जाते तिथे कशी असावी, हा प्रश्न गावाने विचारायला हवा. गुरुजी, एखाद्या दिवशी मुलांना घर ते शाळा या वाटेचा नकाशा काढायला सांगा आणि भीती वाटते तिथे तांबडी खूण करू द्या. ते कागद मग ग्रामसभेत मांडा. हॉलंडमध्येही आधी मुलांनीच दाखवले होते, मग मोठ्यांना दिसले.