कुलूप आणि खांब

सायकलच्या मागच्या चाकावर बसणारं नालेच्या आकाराचं कुलूप सीटखालच्या दोन दांड्यांना स्क्रूने आवळलेलं असतं. खटका दाबला की लोखंडी आकडा आऱ्यांमधून आरपार जातो, किल्ली फिरवली की स्प्रिंग त्याला मागे खेचते. कुणी सायकलवर टांग टाकून पसार होऊ नये, एवढ्याचसाठी ते घडवलेलं. कुणी सायकलच उचलून खांद्यावर टाकली, तर ते काही करू शकत नाही.

तरी ते इतकी वर्षं पुरलं, कारण राखणीचं सगळं ओझं त्याच्या एकट्यावर नव्हतं. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय काढलं, पुढे ते ‘मिलिंद’ झालं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आलं. नंतर चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढली, १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. शिकणारी पोरं आणि पाळीला जाणारे कामगार, दोघांचंही वाहन सायकल. म्हणून जिथे गर्दी तिथे सायकल स्टँड. स्टँडवाला एक बिल्ला हँडलला अडकवायचा आणि त्याच नंबरचा दुसरा तुमच्या हातात द्यायचा. तासावर सायकल देणारे दुकानदार मडगार्डवर नाव आणि नंबर रंगवून घेत, म्हणजे त्यांची सायकल लांबूनही ओळखू यायची. पुण्यासारख्या शहरांत तर नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि भरल्याचा बिल्ला द्यायची. त्या बिल्ल्याचं काम वसुलीचं होतं, पण त्यामुळे सायकलच्या अंगावर एक खूण राहायची. मला स्टँडवाला या कथेतला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस वाटतो. बिल्ला दाखवल्याशिवाय तो सायकल हलू देत नसे, आणि अशी खात्री कोणत्याही लोखंडाने दिलेली नाही.

तिकडे अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तिथे सायकल रस्त्यावर एकटीच उभी राहायची, म्हणून तिला कशाला तरी बांधणं भाग होतं. साखळ्या कटरने तुटायच्या. स्टॅनली कॅप्लन या सायकल मेकॅनिकने पोलादाचं इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं कुलूप बनवलं आणि मायकेल झेन यांनी १९७१ पासून ‘क्रिप्टोनाइट’ नावाने ते विकायला घेतलं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये एक सायकल या कुलपाने खांबाला बांधून महिनाभर तशीच सोडली. चोरांनी तिचे सुटे भाग काढून नेले. कुलूप आणि त्यात अडकलेला सांगाडा जागेवर राहिला. पुढे २००४ साली साध्या बॉलपेनच्या नळीने क्रिप्टोनाइटची गोल किल्लीची कुलपं उघडता येतात हे उघड झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली.

आता संभाजीनगरात गिअरच्या सायकली आल्या. अनेकींची चाकं हाताने खटका फिरवून निघतात आणि वजन इतकं हलकं की एका हाताने उचलाव्यात. नालेचं कुलूप बहुतेकींना नसतंच. लोक त्याऐवजी बारीक केबल घेतात, ती साध्या कटरने तुटते. यू-लॉक घेतलं तर ते अडकवायला खांब लागतो. गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट इथे खरेदीला गेलं की मोटारसायकलींच्या रांगेत सायकल कशीबशी टेकवावी लागते. स्टँडवाल्याची जागा रिकामी झाली आणि तिथे साधी लोखंडी कमानही आली नाही, हे मला फार खटकतं. महापालिकेला दहा-बारा फूट नळी वाकवून ती जमिनीत गाडणं अवघड नाही.

तोवर, खांब मिळाला तर यू-लॉक सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणातून मागच्या चाकात घालून खांबाला अडकवावं. चाकाची रिम त्या त्रिकोणातून ओढून निघत नाही, त्यामुळे चाक आणि सांगाडा एकाच कुलपात सुरक्षित राहतात. पुढच्या चाकाला केबल पुरते.

आणि सायकल उलटी करून पेडलच्या आसाखाली कोरलेला सांगाड्याचा नंबर उतरवून घ्यावा, काही सायकलींवर तो सीटच्या नळीवर असतो. बिलासोबत त्याचा फोटो ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे, पाच हजारांच्या आतला माल चोरून पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने तो माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची असते. जुन्या सायकलीची किंमत बहुधा त्या आतच भरते. पण परत मिळालेली सायकल तुमचीच हे पोलीस ठाण्यात दाखवायला तो नंबर लागतो.